हरकतवाल्यांचा बुधवार

त्या रुग्णालयात सदसद्विवेक जागा व्हायचा तो बुधवारी. आठवड्याचे बाकीचे दिवस तो इतर कर्मचाऱ्यांसारखाच कोपऱ्यात खुर्ची टाकून डुलक्या काढत असे. बुधवारी सकाळी मात्र तो असा खडबडून उठे, की मेट्रनबाईंच्या ड्यूटीच्या तक्त्याला भोकंच भोकं पडत.

कारण साधं होतं. बुधवारी तिसऱ्या मजल्यावरच्या लहान थिएटरमध्ये गर्भपाताच्या शस्त्रक्रिया लागत. कायद्यानं त्याला परवानगी होती. ठरावीक मुदतीच्या आत बाईनं स्वतः येऊन मागणी केली की पुरे, कारण सांगायचीही गरज नाही. त्याच कायद्यानं पुढच्या कलमात डॉक्टर-नर्सांनाही एक हक्क दिला होता. ज्याच्या मनाला हे काम पटत नसेल त्याला ते करायला लावायचं नाही. त्यानं फक्त तसं सांगायचं. या सांगण्याला रुग्णालयात ‘हरकत’ म्हणत. कुणाला बीपी असतं, कुणाला साखर असते, तशी कुणाला हरकत असे. फरक एवढाच, की बीपी आणि साखरवाल्यांना कामावर यावं लागे.

हरकत येते कशी, याचा मेट्रनबाईंनी केस पिकेपर्यंत अभ्यास केला होता. विभागप्रमुखांना ती आली बढतीच्या मुलाखतीच्या आठवड्यात. मुलाखत घेणाऱ्यांची मतं काय आहेत याची कुणकुण त्यांना आधी लागली होती. प्रमुखांना आली म्हटल्यावर त्यांच्या हाताखालच्या उंच डॉक्टरांना ती न येऊन कसं चालेल? प्रमुख शिंकले तर हे खिशातून रुमाल काढणारे. भूलतज्ज्ञांना ती पोहण्याच्या तलावाचं सभासदत्व घेतल्यावर आली, कारण तलाव बुधवारी सकाळी अगदी मोकळा असतो. थिएटरच्या सिस्टरला भूलतज्ज्ञांचं बघून आली. केसपेपरच्या खिडकीवरचा कारकून म्हणाला, मलाही मन आहे. लिफ्टमनचं प्रकरण जरा गुंतागुंतीचं होतं. अशा बाईला तिसऱ्या मजल्यावर वर नेणं म्हणजे सहभाग, असं त्याचं म्हणणं. खाली आणायला मात्र त्याची ना नव्हती. स्वयंपाकघरानंही विचार करून पाहिला, पण शस्त्रक्रियेच्या बाईला उपाशीच ठेवायचं असल्यानं आचाऱ्याला हरकत घ्यायला जागा सापडेना. तो बरेच दिवस खट्टू होता.

मेट्रनबाईंचं स्वतःचं मत काय, हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्यांना तक्ता भरलेला लागे. रिकामी चौकट दिसली की त्यांना जेवण गोड लागत नसे.

बुधवारची चौकट भरत ते बुटके डॉक्टर. एकटे. मेट्रनबाई हातात हत्यारं देत, बाकी सगळं ते स्वतः करत. तुम्हाला नाही का हरकत, असं कुणी विचारलंच तर म्हणत, मनाला बुधवारी वेगळं बसवायला माझ्याकडे खोली नाही. त्यांना बढती मिळाली नाही. बुधवारी चहाच्या टेबलावर त्यांच्या शेजारची खुर्ची आपोआप रिकामी राही. त्यांनी ती बॅग ठेवायला वापरायला सुरुवात केली. असं सगळं सुरळीत चाललं होतं. मग एके दिवशी बुटके डॉक्टर न्हाणीघरात साबणावरून घसरले आणि त्यांचं उजवं मनगट मोडलं. तेव्हा मेट्रनबाईंच्या ध्यानात आलं, की आख्खा एक कायदा एवढे दिवस त्या मनगटावर उभा होता.

पहिल्या बुधवारी आलेल्या बायकांना ‘पुढच्या बुधवारी या’ असं सांगण्यात आलं. पुढच्या बुधवारीही तेच. सांगणाऱ्यांत मेट्रनबाई होत्याच. वाक्य गुळगुळीत होतं, जिभेवरून सहज घसरायचं.

सोमवारी दुपारी दोन बायका जिना चढून त्यांच्या खोलीत आल्या. एक होती चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवणारी. तिच्या बोटांच्या टोकांना बारीक बारीक चिरा होत्या. दुसरी तिची आत्या, सगळी उमर बसमध्ये कंडक्टरी करून निवृत्त झालेली. आत्याचा आवाज अजूनही मागच्या सीटपर्यंत जाणारा होता, आणि इंजिनाशेजारी दिवस काढल्यानं तिला कानानं जरा कमी होतं. त्यामुळे ती जे बोले ते सगळ्यांसाठीच बोले.

चष्मेवालीनं जे सांगायचं ते थोडक्यात सांगितलं. घरात दोन मुलं आहेत, तिसऱ्याला आम्ही पुरे पडणार नाही, नवऱ्याशी बोलून ठरवलं आहे. रडली नाही, दुःखाची कहाणीही लावली नाही. मेट्रनबाई सवयीनं ‘पुढच्या बुधवारी’ म्हणायला गेल्या, आणि तपासणीचा अहवाल बघून थांबल्या. परवाच्या बुधवारनंतर या बाईला पुढचा बुधवार नव्हता. शनिवारी तिची मुदत संपत होती. त्यानंतर कायदाच ‘नाही’ म्हणणार होता, आणि कायद्याच्या ‘नाही’वर इलाज नव्हता.

खालच्या खिडकीवर काय सांगितलं, असं त्यांनी विचारलं. डॉक्टर उपलब्ध नाहीत असं सांगितलं म्हणे.

‘‘ते ऐकलं मी,’’ आत्या म्हणाली. ‘‘पण नाही म्हणालं कोण?’’

‘‘म्हणजे... डॉक्टर उपलब्ध नाहीत.’’

‘‘बाई, माझी गाडी बंद पडली तर मी स्वतः खाली उतरून लोकांना सांगायची, की ही जात नाही. शिव्याही मीच खायची. आणि पुढची गाडी कुठे मिळेल तेही मीच सांगायची. इथे कुणी न्यायचं नाही म्हणतंय, तर त्यानं येऊन माझ्या भाचीच्या तोंडावर म्हणावं. आणि पुढची गाडी सांगावी. एवढंच मागतेय.’’

मेट्रनबाईंनी अहवाल खाली ठेवला. कारण कायद्यातही हेच होतं. हरकत घेणाऱ्यानं ती बाईला स्वतः सांगायची आणि तिची दुसरीकडे कुठे सोय होईल तेही सांगायचं. पण एवढ्या दिवसांत त्या वाक्याच्या वाटेला कुणी गेलं नव्हतं. हरकत असायची प्रमुखांना, आणि ‘नाही’ ऐकवायचा खिडकीवरचा कारकून. तोही हरकतवाला असल्यानं मान वर न करता. आणि जिन्याच्या वरच्या टोकाला उरलंसुरलं ‘नाही’ मेट्रनबाई स्वतः ऐकवायच्या. ते त्यांना त्या दुपारी पहिल्यांदाच टोचलं.

बुधवारी नऊ वाजता या, असं त्यांनी चष्मेवालीला सांगितलं. आणि मंगळवारी रात्रीपासून काही खाऊ नकोस, पाणीसुद्धा नाही. कशासाठी ते आत्यानं विचारलं नाही. फक्त मेट्रनबाईंकडे एकदा नीट बघून घेतलं, सुटे आहेत म्हणणाऱ्या प्रवाशाकडे बघावं तसं.

अधीक्षक हे भला माणूस या सदरात मोडणारे गृहस्थ होते. कुणाला नाही म्हणणं त्यांना जमत नसे आणि कार्यक्रम म्हटला की त्यांचा चेहरा उजळे. निरोप समारंभ असो, नव्या खाटांचं स्वागत असो, ते दोन शब्द बोलायचेच. मेट्रनबाईंनी त्यांच्यापुढे विषय काढला तो असा: आपल्याकडे इतकी माणसं मनाच्या आवाजाला जागून आहेत, पण त्यांना तो कधी बोलून दाखवायला मिळत नाही. बुधवारी सकाळी सगळ्या हरकतवाल्यांना सभागृहाशेजारच्या खोलीत बोलवावं. एकेकानं यावं, आपली भूमिका मांडावी. जिच्यासमोर मांडायची ती बाईही हजर राहील.

यात एकही शब्द खोटा नव्हता. शब्द कोणत्या क्रमानं ठेवायचे, तेवढंच मेट्रनबाईंनी पाहिलं होतं.

‘‘मेट्रनबाई, हे आपल्याला आधी कसं नाही सुचलं?’’ अधीक्षक म्हणाले, आणि त्यांनी जातीनं एकेकाला फोन लावले. जिच्यासमोर मांडायची ती बाई, म्हणजे कुणीतरी पाहुण्या असणार, बहुधा मोठ्या पदावरच्या, असं ते आपलं धरून चालले. फोनवर त्यांनी तसंच सांगितलं.

त्यामुळे बुधवारी सकाळी रुग्णालयात जे दृश्य दिसलं ते आधी कधी दिसलं नव्हतं. हरकतवाले बुधवारी हजर होते. तेही वेळेवर, आणि ठेवणीतल्या कपड्यांत. विभागप्रमुखांनी भाषण लिहून आणलं होतं आणि कॉरिडॉरच्या टोकाला ते पुटपुटत फेऱ्या मारत होते. उंच डॉक्टरांनी काही लिहून आणलं नव्हतं. प्रमुखांचं ऐकून मग ठरवू, असा त्यांचा बेत होता. भूलतज्ज्ञांचे केस पोहून आल्यामुळे ओले होते. थिएटरच्या सिस्टरनं वेणी नव्यानं घातली होती. लिफ्टमननं बूट पुसले होते. फोटो काढणार का, असं कारकुनानं दोनदा विचारलं.

एका टोकाला नव्या डॉक्टरबाई उभ्या होत्या, रोजच्याच पांढऱ्या कोटात. त्यांनाही हरकत होती. नोकरीला लागल्या त्याच दिवशी त्यांनी ती सांगितली होती, न विचारता. मेट्रनबाईंनी त्यांना तेव्हाच इतर हरकतवाल्यांच्या खात्यात टाकून दिलं होतं. बुधवारी ही मुलगी घरी न जाता सगळी ओपीडी एकटी उपसते, हे त्यांनी पाहिलं होतं. पण नव्या नवरीचा उत्साह, आज ना उद्या उतरेल, अशी त्यांची अटकळ होती.

खोलीत टेबलावर फुलदाणी होती. टेबलापलीकडे चष्मेवाली आणि आत्या. कोपऱ्यात अधीक्षक, पाहुण्यांची वाट बघत. पाहुण्या याच, हे मेट्रनबाईंनी सांगितल्यावर ते क्षणभर गोंधळले, पण कार्यक्रम सुरू करायची घाई मोठी होती. उकडत होतं म्हणून मेट्रनबाईंनी दार उघडंच ठेवलं. बाहेर बाकावर बसलेल्यांना आतलं सगळं ऐकू येत होतं. उकडत नसतं तरी त्यांनी ते उघडंच ठेवलं असतं.

पहिला नंबर लिफ्टमनचा लागला. तो आत आला, समोर दोन साध्या बायका बघून थबकला आणि फुलदाणीकडे बघत म्हणाला, की माझी हरकत आहे.

चष्मेवालीनं मान डोलावली. ‘‘बरं. मग मी कुठे जाऊ?’’

लिफ्टमननं प्रामाणिकपणे विचार केला. ‘‘जिना आहे की,’’ तो म्हणाला.

आत्या हसली, ते हसू बाहेर बाकापर्यंत पोचलं आणि तिथली कुजबुज थांबली.

मग भूलतज्ज्ञ आले. माणसाला झोपवणं ही केवढी जबाबदारी, आणि त्या झोपेत काय घडतं याचा विचार भूल देणाऱ्यालाही चुकत नाही, असं ते बरंच सुरेख बोलले. चष्मेवालीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि तेच विचारलं, मग मी कुठे जाऊ. त्यांनी घड्याळ पाहिलं. घड्याळात उत्तर नव्हतं. उंच डॉक्टरांचं भाषण ‘आमच्या सरांनी म्हटल्याप्रमाणे’ असं सुरू झालं. पण सरांनी अजून काही म्हटलंच नव्हतं, त्यामुळे ते तिथेच संपलं. प्रश्न त्यांनाही आला. ते म्हणाले, सरांना विचारून सांगतो. थिएटरच्या सिस्टरनं तोंड उघडलं, समोरच्या बाईची चिरा पडलेली बोटं बघितली, ‘मला खरं म्हणजे’ एवढं बोलली आणि बाहेर निघून गेली. कारकून आत यायला उठलाच नाही. माझं सगळ्यांसारखंच समजा, असं त्यानं बाकावरूनच कळवलं.

गंमत अशी, की ‘नाही’ या दोन अक्षरांची या मंडळींना सवयच नव्हती. हरकत त्यांनी अधीक्षकांना सांगितली होती, एकमेकांना सांगितली होती, घरी जेवताना सांगितली होती. ज्या बाईशी तिचा संबंध, तिच्यासमोर ती काढायची वेळ कधी आली नव्हती. घरच्या आरशापुढे झकास बसणारा कोट बाहेर पडल्यावर काखेत काचावा, तसं प्रत्येकाचं झालं.

विभागप्रमुख आले ते मात्र तयारीनं. त्यांनी कागद उलगडला, चष्मा चढवला आणि जीवन या विषयावर बोलायला लागले. जीवनाचं मूल्य, वैद्यकाची शपथ, हातून घडणाऱ्या कृत्याचा रात्री उशाशी येऊन बसणारा भार. आवाज भरदार होता. अधीक्षकांच्या डोळ्यांत पाणी आलं. भाषणात ‘आपण सर्व’ असं अनेकदा येत होतं. ऐकायला समोर एकच उपाशी बाई आणि तिची आत्या होती. शेवटच्या वाक्यानंतर ते टाळ्यांसाठी थांबले. अधीक्षकांनी वाजवल्या.

‘‘बरं,’’ चष्मेवाली म्हणाली. ‘‘मग मी कुठे जाऊ?’’

प्रमुख वाईट माणूस नव्हते. समोरची बाई अडली आहे हे त्यांना दिसत होतं, आणि अडलेल्यांना काय सांगायचं याची त्यांना सवय होती. ते टेबलावर वाकले आणि हळूच काहीतरी म्हणाले.

‘‘काय?’’ आत्या म्हणाली. ‘‘संध्याकाळी? तुमच्या स्वतःच्या दवाखान्यात?’’

हा आवाज मागच्या सीटपर्यंत गेला. बाकावर कुणीतरी खोकलं.

‘‘म्हणजे तिथे तुम्ही हे करता,’’ आत्यानं पक्कं करून घेतलं. ‘‘आणि भूल? भूल कोण देतं तिथे?’’

प्रमुखांची नजर नको तितकी सरळ दारातून बाकावर गेली आणि भूलतज्ज्ञांच्या ओल्या केसांवर थांबली. भूलतज्ज्ञ बुटाची नाडी बांधायला वाकले. त्यांच्या बुटाला नाडी नव्हती. थिएटरच्या सिस्टरनं डोळे मिटले. तिचीही संध्याकाळ तिथेच जायची. हे सगळ्या रुग्णालयाला माहीत होतं, आणि सगळ्यांनाच माहीत असलेली गोष्ट बोलून दाखवायची नसते म्हणून कुणी बोलत नव्हतं. माहीत नव्हतं ते फक्त अधीक्षकांना.

‘‘अरे वा,’’ अधीक्षक मनापासून म्हणाले. ‘‘मग प्रश्नच मिटला. सर करतातच, तर आज इथेच करून टाकतील. संध्याकाळपर्यंत कशाला ताटकळायचं यांनी?’’

प्रमुख म्हणाले, की हे वेगळं आहे. इथे ते संस्थेचे प्रतिनिधी आहेत, इथल्या कामाला एक नैतिक पाया लागतो. तिथला विषय खाजगी आहे. ते वाक्य मध्येच फिरून पुन्हा त्याच जागी आलं.

आत्यानं त्यांना शांतपणे बोलू दिलं. मग म्हणाली, ‘‘साहेब, माझ्याबरोबर एक ड्रायव्हर होता. दिवसा म्हणायचा, तो घाट वाईट आहे, माझी गाडी तिकडे जाणार नाही. संध्याकाळी तोच, जादा भाडं घेऊन, त्याच घाटातून जीप हाकायचा. घाटाचं त्यानं कधी वाकडं केलं नाही, आणि घाटानं त्याचं. वाईट व्हायचं ते खाली उभं राहणाऱ्यांचं.’’

याच वेळी नव्या डॉक्टरबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. नंबर त्यांचाच होता. त्या टेबलापाशी आल्या, खुर्ची ओढून चष्मेवालीच्या समोर बसल्या, तिच्या डोळ्यांत बघितलं.

‘‘ताई, मी हे काम करत नाही. माझ्या मनाला ते खरंच जमत नाही, आणि ते तुम्हाला पटावं असा माझा आग्रह नाही. तुमचा अहवाल मी काल पाहिला; कुठे जाल, ते तेव्हापासून शोधतेय. आसपासच्या सगळ्या रुग्णालयांना फोन केले. एक ठिकाण सापडलं, शुक्रवारी करतात. करणारे डॉक्टर कोण, म्हणून विचारलं तर आपलेच बुटके डॉक्टर निघाले. सुटीच्या दिवशी ते तिकडे जायचे.’’ त्या आणखी पुढे सरकल्या. ‘‘दुसरं कुठलंही ठिकाण शनिवारच्या आत तारीख देत नाही. मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही.’’

मेट्रनबाईंनी नव्या डॉक्टरबाईंकडे पाहिलं आणि मनातल्या मनात त्यांचा हिशेब जुन्या खात्यातून काढला. नवं खातं अजून उघडायचं होतं, त्याला नाव काय द्यावं ते त्यांना सुचेना.

चष्मेवाली उठली नाही, आवाजही तिनं चढवला नाही. ‘‘शनिवारनंतर मला कुठेच जाता येणार नाही,’’ ती म्हणाली. ‘‘खाजगी दवाखान्याचं आम्हाला परवडत नाही, ते मी आधीच विचारून आलेय. तुम्ही सगळे इथे आहात. मीही इथे आहे, कालपासून पाणी न पिता. नाहीच म्हणायचं असेल तर आत्ता म्हणा साहेब, मी घरी जाऊन काहीतरी खाते.’’

प्रमुखांच्या हातात भाषणाचा कागद होता. त्यांनी त्याची घडी केली, पुन्हा उलगडली, पुन्हा घडी केली. तोंडावर ‘नाही’ म्हणणं एवढंच काम उरलं होतं, आणि त्यांनी ओठ हलवूनही पाहिले. पण ती बाई त्यांच्याकडेच बघत होती; रागानं नव्हे, तर खिडकीवर उभं राहून उत्तराची वाट बघावी तशी. बाहेरच्या बाकावर सगळा विभाग कान टवकारून होता. उंच डॉक्टर तर काय म्हणायचं हे कळायला अक्षरशः दारात येऊन उभे होते.

‘‘मेट्रन,’’ प्रमुख शेवटी म्हणाले, ‘‘थिएटर तयार आहे का?’’

‘‘सकाळपासून.’’

‘‘भूल?’’

‘‘बाकावर बसले आहेत. सिस्टरही आहे. तक्ता आज भरलेला आहे, सर. एवढी हजेरी बुधवारी कधीच नसते.’’

प्रमुखांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की मेट्रनबाईंनी डोक्यावरची टोपी उगाचच सारखी केली. मग ही तातडीची बाब म्हणून आपण अपवाद करत आहोत, असं ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. उंच डॉक्टर लगेच म्हणाले, की तातडी ही तातडीच. तुमची ओपीडी मी बघते, असं नव्या डॉक्टरबाईंनी सांगितलं आणि त्या खाली गेल्या. जाताना त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांना हे घडायला नको होतं, आणि हे घडलं नसतं तर तेही त्यांना नको होतं. असं ओझं घेऊन जिना उतरणारं माणूस मेट्रनबाईंनी हरकतवाल्यांत पहिल्यांदाच पाहिलं.

थिएटरमध्ये कुणाला काही सांगावं लागलं नाही. प्रमुखांनी हात पुढे करायच्या आत सिस्टरनं हवं ते हत्यार तळहातावर ठेवलेलं असे. भूलतज्ज्ञांनी मान हलवली की प्रमुख सुरुवात करत. इतकं जुळलेलं पथक मेट्रनबाईंनी या इमारतीत पाहिलं नव्हतं. कुठल्यातरी इमारतीत ते रोज संध्याकाळी जुळत आलं होतं, हे उघड होतं. काम नीट झालं, लवकर झालं.

दुपारी चष्मेवाली खाटेवर बसून बिस्किटं खात होती. आत्या तिला, सावकाश खा, घशात अडकेल, असं तिसऱ्यांदा बजावत होती. मेट्रनबाईंनी नाडी बघितली, दोन दिवस वजन उचलू नकोस म्हणाल्या. उद्या दुकानात बसता येईल ना, असं तिनं विचारलं. एका मास्तरांचा चष्मा द्यायचा राहिला होता. मग म्हणाली, ‘‘सिस्टर, एक विचारू? त्या ज्या डॉक्टर नाही म्हणाल्या ना, खुर्ची ओढून... त्या एकट्याच माझ्याशी बोलल्या. बाकीचे कुणाशी बोलत होते?’’

मेट्रनबाईंनी तिची उशी नीट केली.

गुरुवारपासून मेट्रनबाईंच्या खोलीपुढे वर्दळ वाढली. आधी भूलतज्ज्ञ आले. हरकत घेतली तेव्हा आपला या विषयाचा अभ्यास तेवढा नव्हता, असं म्हणाले. सिस्टर तक्त्यावर स्वतःच्या बुधवारच्या चौकटीवर बोट ठेवून उभी राहिली. लिफ्टमननं कळवलं, की वर आणि खाली या दिशा तशा सापेक्ष आहेत. प्रमुखांनी फोन केला, स्वतः आले नाहीत. आपल्या भूमिकेत काही बदल नाही, पण रुग्णसेवेच्या दृष्टीनं आपण बुधवारी उपलब्ध राहू, असं त्यांनी सांगितलं. त्यांचा फोन मेट्रनबाई खाली ठेवतात न ठेवतात तोच उंच डॉक्टरांचा आला, शब्दाला शब्द तोच.

कुणाचंही मन बदललं होतं अशातला भाग नव्हता. मेट्रनबाईंना माणसं ओळखू येत होती. शस्त्रक्रिया ही वीस मिनिटांची गोष्ट. ती हातानं करायची, आणि त्या वेळात बाई झोपलेली असते. त्या खोलीत मात्र ती जागी होती. तिच्यासमोरची खुर्ची पुन्हा वाट्याला येऊ नये, एवढ्यासाठी ही मंडळी तिसऱ्या मजल्यावर बिनतक्रार चढायला तयार झाली होती. आणि ती खुर्ची वाट्याला येणार होती, कारण अधीक्षकांना कार्यक्रम बेहद्द आवडला होता. हरकतवाल्यांची भूमिका ऐकण्याचा हा उपक्रम त्यांनी दर बुधवारी ठेवायचं ठरवलं होतं; पुढच्या खेपेला चहाही असणार होता.

पुढच्या बुधवारी फुलदाणीत ताजी फुलं होती. अधीक्षक कोपऱ्यात बसले होते. आत एक कोवळी मुलगी तिच्या मोठ्या बहिणीला चिकटून बसली होती. दोघी हात घट्ट धरून होत्या. नऊ वाजले, बाहेरचा बाक रिकामाच होता. अधीक्षक थोडे हिरमुसले. मग जिन्यावर पावलं वाजली आणि नव्या डॉक्टरबाई एकट्या आल्या. त्यांनी खुर्ची ओढली, मुलीच्या समोर बसल्या, स्वतःचं काम काय आणि काय नाही ते दोन वाक्यांत सांगितलं. मुलीनं घाबरून बहिणीकडे पाहिलं.

‘‘करणारे डॉक्टर वर आहेत,’’ डॉक्टरबाई म्हणाल्या. ‘‘चला, मी दाखवते. मी दारापर्यंत येईन, आत येणार नाही.’’

तिघी जिन्यानं वर गेल्या. थोड्या वेळानं डॉक्टरबाई एकट्या खाली आल्या, रुमालानं चेहरा पुसला आणि ओपीडीत जाऊन पहिला नंबर पुकारला.